काकवीची बाटली

गारखेड्यातल्या त्या दवाखान्यासमोर एक रसवंती आहे. मार्च लागला की तिथल्या घुंगरांचा आवाज थेट दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, प्रेरणाच्या खोलीपर्यंत जायचा. प्रेरणा आहारतज्ज्ञ, त्यामुळं तिला तो आवाज जरा टोचायचाच. त्या दिवशी ती रिक्षातून उतरली, तर एक उंचापुरा, पोट सुटलेला पोरगा तिथं दुसरा ग्लास संपवत होता.

"बन्सीभाऊ, भरा अजून एक," तो रसवाल्याला म्हणाला. "वर डायटवाली बाई बसती म्हणं. तिनं बंद करायच्या आत पिऊन घेतो."

"अर्धाच भरा," प्रेरणा मागून म्हणाली. "बाई खालीच आहे अजून."

त्याला असा ठसका लागला की बन्सीभाऊंनी त्याची पाठ थोपटली. प्रेरणाला हसू आवरलं नाही. झाली ती भेट अशी. यात काव्य शोधणाऱ्यानं खुशाल शोधावं.

त्याचं नाव ऋतुराज. गंगापूरकडचा. घरी ऊस, नोकरी शहरातल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, दिवसभर खुर्ची. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं, ग्रेड टू.

"मॅडम, आईशप्पथ सांगतो, दारूच्या थेंबाला शिवलो नाय कधी. मग लिव्हर कसं काय बिघडलं?"

"दारूच लागते असं कुणी सांगितलं? गोडधोड, तळलेलं, मैदा आणि बसून राहणं पुरतं. अंगाला लागत नाही ती साखर लिव्हर चरबी करून साठवतं. बरेचदा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतच नाही."

"मग गोळी द्या की एखादी."

"गोळी नाही, भाकरी देते. वजन एक्क्याण्णव आहे. आठ किलो उतरवा, हळूहळू, सहा महिन्यांत."

"सहा महिने?" त्यानं मान खाजवली. "पाहुणे थांबले पायजेत ना तवर..."

मग खरी गोष्ट बाहेर आली. पैठणकडच्या एका मुलीशी त्याची सोयरीक ठरत आली होती. रिपोर्टची बातमी कुठून तरी तिकडं गेली आणि मुलीच्या मामांनी निकाल लावला, की लिव्हर खराब म्हणजे पोरगा पिणारा. चांगला रिपोर्ट आणा, मगच साखरपुडा.

"आणू की," प्रेरणा म्हणाली. तेव्हा तिला तसं म्हणायला काहीच वाटलं नाही.

रस, शेव, बेकरी बंद. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आणि रोज पाऊण तास चालणं. तो दर पंधरा दिवसांनी यायचा, मधल्या काळात मोबाइलवर ताटाचे फोटो पाठवायचा.

"तीन भाकऱ्या चालत्याल का?"

"दोन."

"आईला कळलं तर रडंल ती."

"रडू दे. आणि वाटीमागं शेव दिसतेय मला."

"लई कडक आहात तुम्ही!"

"आणि तुम्ही लई लबाड."

शहरात वाढलेल्या प्रेरणाच्या तोंडी 'लई' कधी आला, तिचं तिलाच कळलं नाही. पंधरा दिवस तिला लांब वाटू लागले. त्याच्या वारी ती ओढणी दोनदा बदलायची. अगं बाई, शहाणी ना तू, असं तिनं स्वतःला बजावूनही पाहिलं, पण व्हायचं ते होऊन बसलं होतं. आणि पंचाईत अशी, की ती जेवढं चोख काम करणार तेवढा हा पैठणच्या जवळ जाणार.

मे महिन्यात वजन अठ्ठ्याऐंशीवर अडलं. हलेचना. त्याचा डबा रोज सकाळच्या एसटीनं गंगापूरहून यायचा. तो घेऊन या, असं प्रेरणानं सांगितलं. डब्यात दोन भाकरी, शेपूची भाजी, मुगाचं वरण... आणि सोबत एक बाटली, दाट काळपट पाकानं भरलेली.

"हे काय?"

"काकवी. घरच्या गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवून केलेली. मी साखर बंद केली ना, मग आई म्हणली, भाकरीसंगं ही खात जा, औषधी असती. रोज वाटीभर खातो." शाबासकी मिळणार अशा तोऱ्यात त्यानं सांगितलं.

प्रेरणानं बाटली हातात घेतली. उजेडात धरली. आणि खाली ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "या पुढच्या वेळी."

तो गेला आणि तिला स्वतःची लाज वाटली. वजन अडलं की रिपोर्ट अडेल, रिपोर्ट अडला की सोयरीक अडेल, हे तिच्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोला! पण त्याचं लिव्हर काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन लावला.

"काकवी बंद करा. ती साखरच आहे, कपडे बदललेली. काल सांगायला हवं होतं, चुकलं माझं."

"मग काल का नाय सांगितलं?"

"विसरले..."

"तुम्ही? विसरल्या? बरं."

सप्टेंबरात तो पाकीट घेऊन आला तेव्हा बाहेर भुरभुर चालली होती. केस ओले, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. वजन ब्याऐंशी. लिव्हर नॉर्मल. प्रेरणानं रिपोर्ट दोनदा वाचला.

"अभिनंदन," तिनं आवाज सरळ ठेवला. "पैठणला कळवा आता."

"पैठणला मे महिन्यातच नकार कळवलाय."

"काय?"

"तुमचा फोन आला त्याच दिवशी. मॅडम, वाटीमागची शेव फोटोत हुडकणारी बाई हातातली बाटली विसरंल व्हय? लई डोकं खाजवलं, मग उलगडलं..." तो हसला नाही. "आणि तरी तुम्ही सकाळी सांगितलंच. तिथंच मी गेलो कामातून."

प्रेरणाचे कान तापले. टेबलावरचं पेन तिनं उगाच उचलून ठेवलं.

"मग हा रिपोर्ट... कुणासाठी?"

"तुमच्या वडलांना दाखवायला. पोरगा पितो का, असं इचारलं तर?"

तिला रडूही आलं आणि हसूही. "रविवारी या घरी," ती म्हणाली. "आई चहात दोन चमचे साखर घालते, कुणाचं ऐकत नाही."

"मग? नको म्हणू?"

"खबरदार! नको म्हणालात तर तिला वाटेल, मुलगीच नको. सगळा प्यायचा."

"आणि समद्यांनी व्हय म्हणलं, तर तोंड गोड करायला काय आणू?"

प्रेरणानं त्याचा आहाराचा कागद पुढं ओढला आणि 'बंद'च्या यादीतल्या एका ओळीसमोर लिहिलं: काकवी, एक चमचा. फक्त रविवारी.