चोचीवरचा चिखल

“ओहोटी लागली गो, चला!”

द्वारकामावशीची ही हाक कावेरी पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत आली होती. हाकेसरशी बायका खाडीच्या चिखलात उतरायच्या, तिसऱ्या (शिंपले) वेचायच्या. यंदा मात्र आठ दिवस हाक नव्हती. खाडी बंद होती.

कारण टिटवा. आजोबांनी बनवलेला, पाखरं मोजणारा तीन पायांचा यंत्रमानव. “चमचचोच तुतवार (चमच्यासारख्या चोचीचं किनाऱ्यावरचं पाखरू)! पाच!” असं तो ओरडला, आणि दुर्मीळ पाखरांना त्रास नको म्हणून पंचायतीनं दोरी बांधली.

“पाच?” आजोबा अजूनही डोकं खाजवत होते. “साऱ्या जगात काही शेकडेच उरलेत. ते इथे, एका चिखलात पाच?”

“मोजणं माझं काम, शंका घेणं तुमचं,” टिटवा म्हणाला.

“मोठा शहाणा! ओळखलंस कशावरून?”

“चोचीचं टोक जाड. कावेरीताईच्या फोटोतल्यासारखं.”

कावेरीचे कान तापले.

“बघ गं,” आजोबा म्हणाले, “यंत्राला नमुने (नाव लावलेली चित्रं) दाखवायचे. त्यांतलं सारखेपण ते आपलं आपण शोधतं. पण या पाखराचा इथला नमुना एकच, तुझा. त्यात खोट असेल तर टिटवा तीच इमानानं गिरवणार.”

“मग?” तिनं खालमानेनं विचारलं.

“मग तो नमुना काढून टाकायचा, पुन्हा शिकवायचं. तासाभरात सुधारेल. त्याला लाज थोडीच असते!”

कावेरीला होती. गेल्या वर्षी त्या फोटोपायी शाळेनं तिला हार घातला होता. पण फोटो निघाला आणि पाखरानं चोच पाण्यात बुडवली, तेव्हा बाहेर आली ती साधी, टोकदार चोच. चिखल गेला वाहून, पाखरू गेलं उडून. कावेरीच्या मनातला चिखल तेवढा राहिला.

ती धावत दोरीपाशी आली. द्वारकामावशी रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

“काय गो पाखरांच्या राणी, जेवली का तुझी पाखरं? आमच्या पोरांच्या ताटात नुसता भात हो!”

कावेरी मावशीशेजारी बसली. मागे आजोबाही येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

“मावशी, माझ्या फोटोतली ती चमच्याची चोच नव्हतीच. चिखल लागला होता. तो धुतला गेला, ते मी पाहिलं होतं. आणि गप्प बसले.”