सहाच्या आधी किल्ली

किल्ली हवी ना? देते. पण जरा टेका, पाऊस थांबू दे. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र नका बसू, ती ओली असते. इथे चुलीजवळ बसा.

उन्हाळा लागला की साल्झबुर्गकडून बसगाड्या येतात, तळं बघून होतं, आणि मग प्रत्येकाला आमची हाडांची खोली बघायची असते. किल्ली माझ्याकडे. एकीकडे डोंगर, एकीकडे पाणी, मधे एवढीशी जागा, त्यामुळे आमच्या गावात माणसाला कबर दहाच वर्षं मिळते. मग उकरायचं, कवटी उन्हात पांढरी होऊ द्यायची आणि कपाळावर नाव रंगवून चर्चमागच्या खोलीत फळीवर ठेवायची. बाईला गुलाब, पुरुषाला आयव्हीच्या वेलाची पानं. चाळीस वर्षं हे रंगवायचं काम मीच करतेय.

माझा नवरा व्हेंडेलिन होड्या बांधायचा. संध्याकाळी दोन्ही हातांत फळ्या घेऊन यायचा आणि दाराला लाथ मारून म्हणायचा, "झेंझी, दार उघड, हात भरलेत." माझं नाव क्रेसेन्झिया. झेंझी म्हणणारा तो एकटाच. पंचाहत्तर साली गेला. मूलबाळ नाही.

त्याच उन्हाळ्यात एक परका प्रवासी तळ्यात बुडाला. नाव नाही, गाव नाही, विचारायलाही कोणी आलं नाही. व्हेंडेलिनच्या शेजारीच त्याला पुरला.

दहा वर्षांनी दोघांनाही एकदमच काढलं. दोन्ही कवट्या माझ्या लाकडाच्या खोपटात फळीवर ठेवल्या होत्या, खाली नावाच्या चिठ्ठ्या. परक्याची चिठ्ठी कोरी. एका दुपारी दक्षिणेचा ऊन वारा सुटला, चिठ्ठ्या उडाल्या आणि दोघंही घरंगळत भुशात गेले. व्हेंडेलिनची उजवीकडची एक दाढ काढलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते. बघते तर काय, दोघांचीही तीच दाढ नाही! हसू नका. मी तिथेच भुशात बसून रडले.

फादरना सांगायला हवं होतं. पण नवऱ्याला ओळखू न शकणारी बायको, असं गावभर झालं असतं. मी एक उचलली, तिच्यावर व्हेंडेलिन लिहिलं. दुसरीवर नुसती पानं काढली. आणि मग रोज संध्याकाळी सहाच्या घंटेला जाऊन त्याच्याशी बोलू लागले. कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलाने घर सोडलं, माझा गुडघा किती दुखतो. नऊ वर्षं. तो ऐकतोय असं वाटायचं, खरंच वाटायचं. तेवढाच आधार होता मला.

चौऱ्याण्णवच्या जुलैत हॉलंडहून हेंड्रिना नावाची बाई आली. पन्नाशीची, थकलेली. बुडालेल्याचं घड्याळ फादरच्या कपाटात पडून होतं. त्याच्यामागे कोरलेल्या अक्षरांवरून पत्ता लागला होता. तो तिचा भाऊ योरिस. आई अजून जिवंत होती, आणि तिला मुलगा घरी हवा होता.

दुपारचीच वेळ, पण ढग पाण्यापर्यंत उतरले होते. बसवाले पळाले. खोलीत आम्ही दोघीच. चुन्याचा, ओलीचा वास. तिने हळूच विचारलं, "यातला कोणता?"

तेव्हा सांगता आलं असतं. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग माझा व्हेंडेलिनही माझा राहिला नसता.

"हा," मी म्हटलं, आणि बिननावाची उचलली.

हातात घेतली आणि रंधा मारलेल्या पाइनच्या फळीचा वास आला. ताजा… ओळखीचा.

"लाकडाचा वास येतोय…" ती म्हणाली.

"फळी आहे ना खाली. तिचा."

असं म्हटलं मी. स्वतःच्या तोंडाने. तिने पेटीत मऊ कापड घातलं होतं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि मी माझ्या माणसाला तिच्या पेटीत ठेवलं.

सप्टेंबरात तिचं पत्र आलं. आभार मानले होते. आईने सुखाने डोळे मिटले, योरिसला तिच्याजवळच ठेवलाय. आणि शेवटी लिहिलं होतं, तुम्हाला विचारावंसं वाटतं म्हणून विचारते. रोज संध्याकाळी आमच्या दारावर लाथ बसते आणि कोणीतरी तुमच्या भाषेत म्हणतं, झेंझी, दार उघड. उघडलं तर कोणी नसतं. आमच्याकडे या नावाचं कोणीच नाही. ही झेंझी कोण?

उत्तर लिहायला कितीदा बसले. काय लिहिणार होते, कपाळ? दार उघडून त्याला आत घ्या म्हणून?

पत्र आलं त्या दिवसापासून मी खोलीत संध्याकाळी जाणं सोडलं. कोणा परक्याला घरातलं सगळं सांगत होते, याची लाजच वाटली. तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी सहाची घंटा झाली आणि दार वाजलं. लाथ नव्हे, बोटांनी, पाहुण्यासारखं. मी वेडी, धावत गेले. उंबऱ्यावर पाणी होतं, तळ्याच्या शेवाळाच्या वासाचं. मागे वळले तर खिडकीजवळची खुर्ची भिजलेली. तेव्हापासून रोज सहाला तसंच.

त्यालाही दुसरं कोण आहे हो? बहीण आली आणि भलत्यालाच घेऊन गेली.

पाऊस थांबला बघा. जा, बघून या, फोटो काढा. पण किल्ली सहाच्या आत आणून द्या आणि दारातूनच परत फिरा. आज त्याला तुमच्याविषयी सांगणार आहे मी. कुठून आलात म्हणालात? एकट्याच आहात ना?