तिठ्यावर न थांबलेला ट्रक

बसा रे, कॉफी संपवा आणि मगच उठा. मयतावरून तडक घरी जायचं नसतं. वाटेत कुठंतरी टेकायचं, मागं लागलेलं झटकून टाकायचं. हसतोस काय, जोमार? आमच्या बटालियनमधल्या एलिसेओचं काय झालं ते ऐक, मग हस खुशाल.

बटालियनला बंडखोरांशी लढायला बासिलान बेटावर येऊन तिसरा आठवडा लागला होता. सगळी इलोइलोकडची पोरं, लढाई कुणी पाहिलेली नाही. नारळ पडला तरी बंदुका तिकडं वळायच्या. एलिसेओ ट्रक चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ रेनान त्याच तुकडीत होता. बोटीवर चढताना आईनं थोरल्याचा हात धरून सांगितलं होतं, "दोघं चाललात, दोघं या." ते वाक्य एलिसेओ उशाशी घेऊनच झोपायचा.

त्या मंगळवारी गस्तीची पाळी रेनानची होती, पण त्याला सणकून ताप भरला. त्याच्या जागी बेनहूर गेला. डोंगरावरच्या तांबड्या चिखलात त्याला गोळी लागली. बटालियनचा पहिला मुडदा तो.

शुक्रवारी संध्याकाळी शहरातल्या चर्चमध्ये त्याची शवपेटी ठेवली होती, सकाळी विमानानं गावी जायची होती. एलिसेओ लेफ्टनंटला आणि चार पोरांना घेऊन गेला. रेनान आला नाही. "कुठल्या तोंडानं येऊ, दादा?" एवढंच म्हणाला.

निघायला रात्रीचे नऊ वाजले. आभाळ भरलेलं, चांदण्याचा पत्ता नाही. तिठ्यावर कॉफीच्या दुकानात दिवा होता. एलिसेओनं ट्रक हळू केला.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या लेफ्टनंटनं विचारलं.

"साहेब, मयतावरून आलोय. दोन मिनिटं पोरांना पाय टेकू द्या."

"इथं? कुणी अंधारातून हातबॉम्ब फेकला तर तुझी कॉफी आडवी येणार आहे का? चल, दाब."

हुकूम तो हुकूम. आणि खरं सांगू? त्या रस्त्यावर लेफ्टनंटचंही काही चुकत नव्हतं. एलिसेओनं ट्रक दामटला. दुकानाचा दिवा आरशात मागं राहिला.

जरा पुढं आले, तर केबिनच्या टपावर थाप पडली. एकच. आमच्यात मागच्यांनी एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल.

"थांबू नकोस," लेफ्टनंट म्हणाला.

पुन्हा एक थाप. जोरात.

एलिसेओ थांबला नाही.

मग बराच वेळ काही नाही... आणि मग, सावकाश, दोन.

छावणीच्या फाटकाशी ट्रक लागला. पोरं उतरली. "थाप कोण मारत होतं रे?" एलिसेओनं विचारलं. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. "आम्हाला वाटलं, तुम्हीच आतून ठोकताय."

फाटकावर पहाऱ्याला रेनान होता. "दादा, सगळ्यांत शेवटी उतरला तो कोण रे? टोपी डोळ्यांवर ओढलेली. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आता पाळी तुझी."

एलिसेओनं बॅटरी मारून भावाचा खांदा बघितला. काही नव्हतं.

"अरे, बरोबरच बोलला तो," रेनान म्हणाला. "पहाटेची गस्त माझीच आहे."

"तू जायचं नाहीस. मी जाणार."

"पुन्हा माझ्या जागी दुसरा? दादा, मला नाही सहन व्हायचं."

"गप झोप. आईची आण आहे तुला."

पहारा संपल्यावर रेनान झोपला. पहाटे निघताना एलिसेओनं त्याचं पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलं. श्वास नीट चाललाय ना, ते हात लावून बघितलं.

दिवसभर तोच डोंगर, तोच चिखल. एलिसेओ जीव मुठीत धरून चालला. पण एक गोळी सुटली नाही. उतरताना तो पहिल्यांदा हसला. पाळी चुकवली आपण, असं त्याला वाटलं.

फाटकात लेफ्टनंट उभा होता. टोपी हातात...

"साहेब, रेनान?"

लेफ्टनंटनं त्याला रेनानच्या खाटेपाशी नेलं.

रेनान उठलाच नव्हता. पांघरूण गळ्यापर्यंत, पहाटे ओढलेलं तसंच. रक्ताचा डाग नाही, ताप नाही. डॉक्टरांनी नुसती नाडी बघितली, म्हणाले, झोपेत गेला. आपल्याकडं धडधाकट पोरं जातात अशी झोपेत, तुम्हीही ऐकलंय. मीही तेच मानलं असतं.

पण एलिसेओनं पांघरूण काढलं तेव्हा मी शेजारी होतो. धुतलेला पांढरा गंजी. खांद्यावर पाच बोटं उमटलेली, तांबड्या चिखलाची. आमच्या छावणीत सगळी पांढरी वाळू, तांबडी माती फक्त त्या डोंगरावर. एलिसेओनं नुसतं बोट लावलं...

चिखल अजून ओला होता.