पालथा हात

बसा. किल्ली खिशात ठेव, ब्रॅडी. बारा वाजायला अजून तीन तास आहेत आणि तळं काही कुठे पळून जात नाही. सौनाच्या गरम वाफेतून निघाल्या निघाल्या गाडी चालवायची नसते, आधी कॉफी घे. मासेमारीचा हंगाम मध्यरात्री उघडतो म्हणून तुम्ही दोघं भाऊ सकाळपासून नाचताय. गळ बघितले, बिअर बघितली, गाणी बघितली. बोटीच्या ट्रेलरच्या चाकांना हात लावला कोणी? नाही ना? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

मग ऐका. ऑर्विल साल्मेला आठवतो? पोस्टामागच्या निळ्या घरातला. त्याची गोष्ट आहे. अर्धी मला त्याच्या मुलीने सांगितली, उरलेली मी स्वतः बघितली.

सहा वर्षं झाली. मे महिन्याची दहा तारीख, शुक्रवार, आजच्यासारखीच हंगामाची आदली रात्र. माझं ट्रेलर दुरुस्तीचं दुकान तेव्हा चालू होतं. दुपारी चारला ऑर्विल आला, ट्रेलरच्या मागच्या दिव्याचा बल्ब हवा होता. मी काढून दिला.

सात महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात, त्याची बायको गेली होती. लेम्पी. गॅरेजमध्येच गेली, ट्रेलरच्या चाकांत ग्रीस भरता भरता. आपल्याकडे नवरे ट्रेलर बघतात आणि बायका सँडविचं बांधतात. साल्मेलांकडे सगळं उलटं. बेरिंगं तिची, टायर तिचे, साखळ्या तिच्या. ऑर्विलने फक्त गाडी चालवायची.

वाटेत कुठेही थांबले की ती उतरायची आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, हात लावून बघायची. ग्रीस कमी असलं तर हब तापतो, आणि तापलेलं बेरिंग जळलं की चाक आपल्या वाटेने जातं. पण ती पालथा हात लावायची, पोराचा ताप बघतात तसा. डावीकडे "गार", उजवीकडे "गार", आणि मडगार्डवर दोन थापा. ठक, ठक. म्हणजे निघ. ऑर्विल वळूनही बघायचा नाही, आवाज आला की गिअर टाकायचा. एकोणचाळीस वर्षं.

आणि तिच्या केसांच्या पिना. टोकाला लाल नेलपॉलिश लावून ठेवायची, नवऱ्याच्या हत्यारांत हरवू नयेत म्हणून. एकदा भर रस्त्यात चाकाच्या नटातली स्प्लिट पिन तुटली. ती नसली तर नट फिरत फिरत गळून पडतो. या बाईने अंबाड्यातली पिन काढली, नटात घालून वाकवली आणि घर गाठलं. गावाने वर्षभर छळलं तिला. "लेम्पी, केस मोकळे सोडू नकोस गं, कुणाचं तरी चाक निघेल!"

दफनाच्या दिवशी तिच्या नखांतलं ग्रीस निघेना. क्रिस्टा, त्यांची मुलगी, म्हणाली, राहू द्या तसंच. आईचे केस तिने स्वतः बांधले. पिन दातांनी उघडली, अगदी आईसारखी, तर त्या लाल रंगाचा टवका उडाला आणि तिच्या ओठाला चिकटला. मी शेजारीच उभा होतो. तिने तो जिभेने काढला आणि पिन आईच्या केसांत खोचली.

ऑर्विल रडला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. कसा आहेस विचारलं की "बरं आहे." दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, आपणच चावतो आणि कळत नाही, तसा झाला होता तो.

तर त्या दुपारी मी त्याला विचारलं, "बेरिंगं बघितलीस?"

"लेम्पीने ग्रीस भरलंय."

"दोन्हीकडे?" असं विचारायचं होतं. नाही विचारलं. आपली रीत माहीत आहे ना? दुःखातल्या माणसाला आपण काही विचारत नाही. बटाट्याचं भांडं दारात ठेवून येतो आणि हवेबद्दल बोलतो. मीही म्हटलं, "रात्री थंडी पडेल." तो म्हणाला, "पडेल." बल्ब घेऊन गेला. न विचारल्याची लाज मला अजून वाटते.

क्रिस्टा दोन मुलींना घेऊन शहरातून आली होती. रविवारी मदर्स डे. बाबा एकटे घरात बसायला नकोत, म्हणून तिनेच सिस्टर तळ्यावर जायचा हट्ट धरला. सत्तर मैल, सगळा जंगलातला रस्ता. पुढे ऑर्विलचा ट्रक, त्यामागे बोटीचा ट्रेलर, आणि त्यामागे क्रिस्टाची गाडी. मुली मागच्या सीटवर झोपलेल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. मी आधीच तळ्यावर पोचलो होतो, दर वर्षी बोटी उतरवायच्या जागी कॉफीची किटली घेऊन बसायचो तसा.

पाऊण तासाने ते पेट्रोल पंपावर थांबले. क्रिस्टाने गाडीतूनच बघितलं, ट्रेलरच्या उजव्या चाकापाशी एक बाई वाकलेली होती. निळं चौकडीचं जाकीट. पाठमोरी. तिला वाटलं पंपावरचीच कुणी असेल, कामसू दिसते. तेवढ्यात धाकटीने पाणी मागितलं. पाणी देऊन तिने मान वर केली, तर ट्रक निघाला होता.

ऑर्विलने नंतर सांगितलं, त्याला मडगार्डवर दोन थापा ऐकू आल्या होत्या. त्याला वाटलं क्रिस्टा.

दहा पस्तीसला रेल्वेचं फाटक लागलं. लांबलचक मालगाडी जात होती, खनिजाची. फाटकाचा लाल दिवा ट्रेलरवर पडायचा, जायचा. पडायचा, जायचा. दिवा पडला की चाकापाशी ती बाई... दिवा गेला की अंधार. ती गुडघ्यावर बसली होती. हात चाकात, कोपरापर्यंत.

क्रिस्टाने हॉर्नवर हात ठेवला. वाजवला नाही. मागे मुली झोपल्या होत्या, असं ती सांगते. मला वाटतं, ती बाई वळून बघेल याची तिला भीती वाटली.

फाटक उघडलं.

ठक, ठक.

या वेळी काच बंद होती, तरी क्रिस्टालाही ऐकू आलं.

मग जंगल. दोन्हीकडे पाइनची झाडं, समोर ट्रेलरचे दोन दिवे. त्यातला उजवा नवा. चार-पाच मैलांनी क्रिस्टाने फोन लावला.

"बाबा."

"हं."

"वेग किती आहे तुमचा?"

"पंचावन्न."

...

"का गं?"

"काही नाही."

तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. 

ती बाई चालत होती, पोरांनो. ट्रेलरच्या उजव्या बाजूने. वाकून, एक हात हबवर ठेवून. धावत नव्हती. घाईत नव्हती. दुकानातून घरी जावं तशी चालत होती... पंचावन्नच्या वेगाने.

क्रिस्टा मागे राहिली नाही आणि पुढेही गेली नाही. थांबावं असंही तिला वाटलं नाही. म्हणते, "वर्नकाका, मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही." वीस मैल ती तशीच बघत गाडी चालवत राहिली.

सव्वाअकराला ते तळ्यावर पोचले. रांगेत चार गाड्या होत्या. ऑर्विल खाली उतरला, मी त्याच्या हातात कॉफी दिली. क्रिस्टा गाडीतून उतरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, उजवं चाक बघा."

मी आधी डाव्या हबला हात लावला. कोमट. सत्तर मैल धावलेला हब असाच असतो. मग उजवीकडे गेलो...

हात चिकटला.

दव गोठलं होतं त्याच्यावर. मे महिन्यात. बाकी सगळ्या ट्रेलरवर पाण्याचा थेंब नव्हता आणि हबच्या त्या एवढ्याशा टोपीवर पांढरं बर्फ. मी हात ओढून घेतला आणि जॅक आणला. जॅक लावताना ऑर्विल मागे उभा होता. हातातली कॉफी तशीच.

"वर्न," तो म्हणाला, "ते राहिलं होतं."

"काय राहिलं होतं?"

"उजवं. डावं करून झालं आणि ती पडली. चाक काढलेलं जमिनीवर होतं, ग्रीसचा डबा उघडा. मला बघवेना. दफनानंतर चाक चढवलं मी. तसंच, कोरडं. नट हाताने फिरवला. पिन नाही घातली."

"आणि तसाच निघालास?"

"निघालं चाक तर निघालं, असं वाटलं."

"मागे मुली होत्या, ऑर्विल."

त्याने क्रिस्टाच्या गाडीकडे बघितलं. रांगेतल्या कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो. होत्या." रडला नाही. कॉफीचा घोट घेतला आणि तोंड भाजलं त्याचं. भाजलं ते कळलं, एवढं मी बघितलं.

मी टोपी ठोकून काढली. क्रिस्टाने टॉर्च धरला. आत ग्रीसचा डागसुद्धा नव्हता. कोरडं बेरिंग, धुऊन ठेवल्यासारखं. चाळीस वर्षं हा धंदा केला मी, पोरांनो. कोरडं बेरिंग दहा मैलांत लालभडक होतं. पिन नसलेला नट त्याच्याही आधी गळतो.

नट जागेवर होता. घट्ट.

त्यात पिन होती. स्प्लिट पिन नाही, केसांची. दोन्ही पाय नीट वाकवलेले.

ती काढायला मी पक्कड मागितली, पण क्रिस्टाने नखांनीच काढली. टॉर्चखाली धरली. टोकाला लाल रंग. आणि एका बाजूने टवका उडालेला, दाताएवढा.

तिने ओठावरून जीभ फिरवली.  पिन बापाच्या हातावर ठेवली, आणि त्याने मूठ मिटली.

कोणी म्हणेल, तिच्या खूप पिना होत्या, एखादी राहिली असेल गॅरेजात. म्हणू दे. तो टवका उडताना मी बघितला होता. आणि दफनाच्या दिवशी तिच्या पेटीचं झाकण लावलं ते ऑर्विलने आणि मी. एका बाजूने तो, एका बाजूने मी.