दुसरी हाक

गुंदला नेटवर्क आल्यापासून नेत्रा गावी येताना बंगळूरचं काम सोबतच आणायची. या खेपेचं काम साधंच होतं. तिच्या कंपनीच्या ॲपमध्ये एक नवं बटण आलं होतं, 'हाक'. ते दाबून हाक मारली की ती दूरच्या आपल्या माणसाच्या फोनवर वाजायची. सगळ्यांना देण्याआधी ते मोजक्या लोकांवर आजमावायचं होतं. गाव गुंद, वय साठीपुढचं आणि तिन्हीसांजेला ॲप उघडणारा, एवढं जुळलं तरच माणूस प्रयोगात यायचा.

नियम तपासायला एक खोटं माणूस हवं होतं. बोटांना आवर कुठला? तिनं वडिलांचं, आबांचंच नाव घातलं. महाबळेश्वर, सत्तर, गुंद. आबांना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

आबा शेतातून परतताना ओढ्यापलीकडून हाक मारायचे, तीही दोनदा. रानातलं जे असतं ते एकदाच हाक मारतं, म्हणून पहिल्या हाकेला कुणी ओ द्यायची नाही, ही गुंदची रीत. दुसरी ऐकली की लहानगी नेत्रा धावत सुटायची. त्या आवाजासाठी तिचा जीव अजून तुटायचा.

दिवेलागण झाली. चुलीवर भाकरी भाजल्याचा वास घरभर पसरला. ओसरीवर नेत्राच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा आकडा हलला. प्रयोगात एक माणूस आलं होतं. नाव तर तिनंच घातलं होतं, पण ॲप उघडलं कुणी?

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"नेत्राऽऽ..."

आबांचाच घोगरा, शेवट लांबवणारा आवाज. त्यांचा आवाज तर कुणी कधी साठवलाच नव्हता.

"आई... आयकलंस?"

"व्हय," चुलीपुढून केशर हळूच म्हणाली. "गप ऱ्हा. दुसरी यिऊ दे..."

नेत्रानं तोंडावर हात दाबला. ओ द्यावीशी इतकी वाटत होती की डोळे भरून आले. ती कान देऊन बसली. नुसता ओढा वाजत राहिला.

आणि चुलीपुढून आवाज आला, "ओऽ... आले, आले."

नेत्रा आत धावली. "आई, एकदाच आलीया हाक... ओ का दिलीस?"

केशर पदर सारखा करत हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. "दुसरी माझ्या नावानं मारली की गं त्यांनी. तुला न्हाई आयकू आली?"

बाहेर पडद्यावर प्रयोगात आता दोन माणसं होती. दुसरं गुंदचंच. बाई, वय अडुसष्ट.

केशरनं जन्मात कधी फोन हातात धरला नव्हता.