बदाम जरा डावीकडे

"हे स्टिकर आहेत की पापड?" शिजीनं विचारलं.

लग्नाच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं फुगून आली होती. ती गाडी चालवणारा सिबिचन ओशाळला. "घाई होती... घरीच चिकटवलं. कोरडंच."

"तरीच." तिनं ती खरवडून काढली, काचेवर साबणाचं पाणी फवारलं आणि नवी नावं कापून त्यावर अलगद ठेवली. मध्ये लाल बदाम. "पाणी आहे तोवर हवं तिकडे सरकतं, चेट्टा. पाणी काढलं की पक्कं बसलं."

त्यानंतर केरळातल्या पालाई गावातल्या तिच्या छोट्या स्टिकरच्या दुकानात तो प्रत्येक लग्नाआधी यायला लागला, तेही मुद्दाम लवकर.

"बदाम जरा डावीकडे घे ना, शिजी."

"बदाम सरळ आहे. तुमचीच मान वाकडी आहे."

तो हसायचा, आणि लगेच उजवीकडे घ्यायला सांगायचा. तिलाही घाई नसायची.

मग ईस्टरआधीचे उपवास लागले. त्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं नसतात. तरी सिबिचन आलाच.

"आज कुणाची नावं?"

"माझं काप," तो म्हणाला. "मग बदाम... आणि पुढे, तुला वाटेल ते."

शिजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला कळलं होतं, चांगलंच कळलं होतं. पण हा थट्टा करत असला तर? आपण आपलं नाव कापायचं आणि यानं हसायचं?

"आधी मुलगी आणा," ती फटकन म्हणाली. "बदाम फुकट देईन."

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. "बरं," म्हणाला आणि गाडीत बसला. तिला हाक मारावीशी वाटली, पण तिनं मारली नाही.

ईस्टरनंतर तो आला. "सिबिचन, आणि पुढे... मेरिन," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या अम्मचीनं ठरवलं."

"मला वाटलं, त्या दिवशी तुम्ही थट्टा करताय."

"बदाम रोज सरळच असायचा, शिजी. मी कशाला हलवायला सांगत होतो?"

  तिनं काच भिजवली, दोन्ही नावं लावली आणि बदाम मुद्दाम थोडा तिरका ठेवून थांबली. साबणाचं पाणी काचेवरून ओघळत होतं.

सिबिचननं बदामाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असाच राहू दे," तो हळूच म्हणाला.

शिजीनं बोटानं बदाम सरळ केला, रबराची पट्टी उचलली आणि पाणी काढून टाकलं.