चौथ्या नमुन्यावरचा डाग

यायचे होते सुतारकाका, पण नेमकी त्यांची कंबर धरली आणि दारात उभा राहिला त्यांचा पुतण्या. काखेत लाकडाचे चार नमुने. चपला बाहेर काढून तो अनवाणीच आत आला, बदलायला काढलेल्या जुन्या लाकडी जमिनीवर दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"जमिनीचा माणसांशी काय संबंध?"

"वावर किती, त्यावर ठरतं. जास्त असला तर वरून कडक लॅकरचा थर. कमी असला तर नुसतं तेल पुरतं."

"एकच," ती म्हणाली... आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागली.

शेतावरचं हे घर वडिलांचं. ते गेल्यावर ती शहरातली नोकरी सोडून इथे राहायला आली, मोठ्या हौसेनं. हौस दोन महिन्यांत फिटली. भाऊ रविवारी फोन करायचा, बाकी सहा दिवस बोलायला भिंती. कधीकधी दिवसाचा पहिला शब्द ती संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायची. खोटं कशाला सांगू, एकटेपणानं पोरगी पार सुकून गेली होती.

पुतण्याची एक रीत होती. नमुना भिंतीला टेकवायचा, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या उजेडात बघायचा. नापसंत झाला तर तो परत न्यायचा. चौथा तर तिला पहिल्याच दुपारी आवडला. मधासारखा रंग. बघता बघता त्यावर तिचा चहा सांडला आणि कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा डाग पडला. पण पसंत म्हटलं की काम दहा दिवसांत उरकणार, आणि हा माणूस जाणार.

"जरा गडद बघू या?" ती म्हणाली.

त्याने गडद आणला. मग फिकट. मग, भिंतींनाही फळ्या हव्यात म्हटल्यावर, उभ्या रेषांचा.

"तुमचं मन म्हणजे शिसवी लाकूड," एकदा तो म्हणाला. "रंधाच चालत नाही."

"धार लावा की मग."

तो कानापर्यंत लाल झाला.

भाऊ फोनवर वैतागला. "अगं, जमीन निवडतेयस की नवरा?" तिने काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

महिनाभराने अकरावा नमुना आला. "अगदी नवा आहे," तो म्हणाला. तिने तो उजेडात धरला... कोपऱ्यात चंद्रकोर.

"हा चौथा आहे."

तो खाली बघत राहिला. "काकांकडचे नमुने सातव्यालाच संपले. आठवा म्हणजे पहिला होता, नववा म्हणजे दुसरा... तुम्ही एकदा हो म्हणालात की मला इथे यायला काही कारण उरत नाही हो. पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"मी लाकडाकडे बघतच नव्हते," ती म्हणाली.

मग त्याने कानामागची पेन्सिल काढली. "म्हणजे... चौथाच लिहू? तेलाचा?" त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"नको. तेल नाही पुरायचं."

"का?"

"मी एकच माणूस सांगितलं होतं ना... दोघं लिहा."

पेन्सिल तशीच थांबली. "दोघांना लॅकर लागेल," तो हळूच म्हणाला. "त्याचा नमुना नव्याने करावा लागेल."

"करा की. सावकाश करा," ती म्हणाली, आणि दोघांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.